फील्डमार्शल मानस्टाइन : चरित्राची साधने व त्यांची परीक्षा

१

प्रस्तुत निबंधात जर्मन फील्डमार्शल एरिख फॉन मानस्टाइन याच्या चरित्राची साधने कोणती, ती कोणत्या मार्गाने आपल्यापर्यंत आली आणि ती परस्परांशी ताडून पाहिली असता काय निष्पन्न होते, याचा विचार करावयाचा आहे. त्याच्या मोहिमांची साद्यंत हकीकत सांगण्याचा येथे हेतू नाही. ती अनेक ग्रंथांतून मिळते. तथापि त्या ग्रंथांपैकी पुष्कळांचा मूळ आधार शोधीत गेले असता आपण अखेर एकाच पुस्तकापाशी येऊन पोहोचतो. ते पुस्तक म्हणजे मानस्टाइनचे स्वतःचे आत्मवृत्त 'फेर्लोरेने झीग', म्हणजे 'गमावलेले विजय'. हे १९५५ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाले. १९५८ मध्ये त्याचे किंचित संक्षिप्त इंग्रजी भाषांतर निघाले आणि आपल्याकडील वाचकास मानस्टाइनचा परिचय झाला तो बहुधा या भाषांतरामुळेच.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व त्याच्या प्रस्तावनेत बखरींचे वृत्त अस्सल पत्रांशी ताडून पाहिले. तेव्हापासून बखर व अस्सल कागद यांतील भेद मराठी अभ्यासकाच्या अंगवळणी पडलेला आहे. आपल्या इतिहासाबाबत आपण जो कस लावतो, तोच कस युरोपीय सेनापतीच्या आत्मवृत्तास लावावयास मात्र आपण कित्येकदा विसरतो. छापील पानांची सुबकता, नकाशांची रेलचेल व ग्रंथकाराचा शांत, संयमी स्वर यांमुळे आत्मवृत्त हेच अस्सल साधन आहे, असा भास होतो. मानस्टाइनचे उदाहरण येथे निवडण्याचे कारण असे की, त्याच्या आत्मवृत्तातील बराच भाग कागदपत्रांच्या कसोटीस उतरतो. खोटे बोलणाऱ्या साक्षीदारास ओळखणे फारसे कठीण नसते. नऊ गोष्टी खऱ्या सांगून दहावीविषयी मौन पाळणाऱ्या साक्षीदारापुढे संशोधकाची खरी परीक्षा होते.

२

प्रथम जीवनक्रमाची रूपरेषा पाहू. एरिख फॉन लेविन्स्की याचा जन्म २४ नोव्हेंबर १८८७ रोजी बर्लिन येथे झाला. वडील तोफखान्यातील सेनापती असून एरिख हे त्यांचे दहावे अपत्य. आईची धाकटी बहीण हेडविग व तिचे पती गेओर्ग फॉन मानस्टाइन यांना मूल नव्हते. त्यांनी या मुलास दत्तक घेतले व त्याला मानस्टाइन हे नाव प्राप्त झाले. याच बहिणींपैकी आणखी एक, गेरट्रूड, ही पुढे जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या हिंडेनबुर्गची पत्नी. म्हणजे जन्मदाता पिता, दत्तक पिता व मावशीचे यजमान असे तिघेही सेनापती. प्रशियाच्या लष्करी कुलीनतेचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

१९०६ मध्ये तो तिसऱ्या पायदळ गार्ड रेजिमेंटमध्ये दाखल झाला. नोव्हेंबर १९१४ मध्ये तो जबर जखमी झाला. त्यानंतरचे पहिले महायुद्ध त्याने मुख्यतः स्टाफवरील अधिकारी म्हणून पाहिले. १९३५ मध्ये तो जनरल स्टाफच्या युद्धसंचालन विभागाचा प्रमुख झाला आणि १९३६ मध्ये जनरल स्टाफचा प्रमुख लुडविग बेक याचा साहाय्यक. फेब्रुवारी १९३८ मध्ये सरसेनापती फ्रिच यास पदावरून दूर करण्यात आले, त्या उलथापालथीत मानस्टाइनचीही बदली लीग्नित्स येथील डिव्हिजनवर झाली. १९३९ मध्ये तो रुंडश्टेटचा चीफ ऑफ स्टाफ होता. १९४१ च्या उन्हाळ्यात तो एका रणगाडा कोअरचा नायक म्हणून रशियात शिरला. सप्टेंबर १९४१ मध्ये सेनापती शोबर्ट मारला गेल्यावर अकराव्या सेनेचे आधिपत्य त्याजकडे आले. क्रिमियाची मोहीम त्याने चालविली व जुलै १९४२ च्या आरंभी सेवास्तोपोल पडताच तो फील्डमार्शल झाला. नोव्हेंबर १९४२ पासून तो 'दोन' सैन्यसमूहाचा व पुढे 'दक्षिण' सैन्यसमूहाचा अधिपती होता. ३० मार्च १९४४ रोजी हिटलरने त्याला सेनापतीपदावरून दूर केले. १९४९ मध्ये हाम्बुर्ग येथे ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे त्याच्यावर खटला झाला. मे १९५३ मध्ये तो सुटला व जून १९७३ मध्ये मरण पावला.

ही शकावली निर्विवाद आहे. वादाचा प्रांत सुरू होतो तो या तारखांच्या मधल्या जागेत.

३

साधनांचा विचार करताना प्रथम त्यांच्या नाशाचा विचार केला पाहिजे. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी पॉट्सडामवर केलेल्या बाँबहल्ल्यात तेथील लष्करी दप्तरखाना जळाला आणि प्रशियाच्या सेनेचे जुने कागद बव्हंशी त्यात नाहीसे झाले. याचा परिणाम असा की, मानस्टाइनच्या १९०६ ते १९१८ या काळातील सेवेबद्दल संशोधकास मुख्यतः छापील अधिकारीसूचींवर आणि त्याने स्वतः १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पूर्वायुष्याच्या वृत्तावर अवलंबून राहावे लागते. तरुण मानस्टाइन कसा होता, हे आपणास प्रामुख्याने वृद्ध मानस्टाइन सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत स्थिती उलट आहे. जर्मन सेनेचे लक्षावधी कागद दोस्त राष्ट्रांच्या हाती पडले. त्यांतील फार मोठा भाग अमेरिकेत वॉशिंग्टनजवळील अलेक्झांड्रिया येथे नेण्यात आला, त्याच्या मायक्रोफिल्म काढण्यात आल्या आणि मूळ कागद पुढील काळात क्रमाक्रमाने पश्चिम जर्मनीस परत करण्यात आले. आज ते फ्रायबुर्ग येथील लष्करी अभिलेखागारात आहेत. अकराव्या सेनेचे दप्तर तेथे 'आरएच २०-११' या खुणेखाली पाहावयास मिळते.

या दप्तराची रचना कळल्याखेरीज त्याचा उपयोग करता येत नाही. जर्मन सेनेच्या प्रत्येक मुख्यालयात काम शाखांत वाटलेले असे. 'एक-ए' ही युद्धसंचालनाची शाखा. हल्ले, माघार, राखीव दले यांचे हुकूम तिच्याकडून सुटत व मुख्य युद्धदैनंदिनी तीच ठेवी. 'एक-सी' ही शत्रूविषयक माहितीची शाखा. युद्धकैद्यांची चौकशी, हेरगिरीचा प्रतिबंध, पोलिसी पथकांशी संपर्क या गोष्टी तिच्याकडे असत. रसद व पुरवठा पाहणारी शाखा निराळी; पिछाडीच्या मुलुखाचा कारभार पाहणारा नायक निराळा; त्याच्या हाताखाली गावोगावचे लष्करी ठाणेदार. प्रत्येकाची दैनंदिनी व जोडपत्रे स्वतंत्र.

युद्धानंतर कित्येक वर्षे सेनापतींची चरित्रे लिहिणारे ग्रंथकार 'एक-ए' शाखेचे कागद वाचीत, कारण त्यांना लढाया हव्या होत्या. त्या कागदांत सेनापती हा नकाशापुढे उभा असलेला कलावंत दिसतो. त्याच दिवसाचे 'एक-सी'चे व पुरवठ्याचे कागद उघडले म्हणजे त्या नकाशावरील गावांत माणसे राहत होती, हे कळते. एकाच मुख्यालयाचे, एकाच तारखेचे हे दोन गठ्ठे शेजारी ठेवून वाचणे, हा मानस्टाइनविषयीच्या संशोधनाचा कणा होय.

४

आता आत्मवृत्ताची परीक्षा तीन प्रसंगांवर करू. पहिला प्रसंग १९४० च्या फ्रान्सवरील स्वारीच्या योजनेचा. आत्मवृत्तात मानस्टाइन सांगतो की, सेनेच्या वरिष्ठ कार्यालयाची मूळ योजना बेल्जियममधून समोरासमोर धडक मारण्याची होती. आपण आर्देनच्या डोंगराळ अरण्यातून रणगाड्यांचा मुख्य लोट नेऊन सोम नदीच्या मुखापर्यंत पोहोचण्याची कल्पना मांडली. ती वारंवार निवेदने पाठवूनही दाबून ठेवण्यात आली आणि आपली बदली एका पायदळ कोअरवर झाली. अखेरीस १७ फेब्रुवारी १९४० रोजी हिटलरला भेटण्याचा योग आला तेव्हा ती त्याच्या कानी घालता आली.

हे विधान एखाद्या आत्मप्रौढ सेनापतीचे म्हणून सोडून देण्याजोगे वाटेल. परंतु ऑक्टोबर १९३९ ते जानेवारी १९४० या काळात रुंडश्टेटच्या सैन्यसमूहाने वरिष्ठांकडे धाडलेली निवेदने उपलब्ध आहेत. हान्स-अडॉल्फ याकोबसेन यांनी १९५० नंतरच्या दशकात या योजनेचा कागदोपत्री अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९९५ मध्ये कार्ल-हाइन्झ फ्रीझर यांनी तो विषय पुन्हा तपासला. दोन्ही वेळी मानस्टाइनचा कल्पकतेचा दावा मुख्यतः टिकला. अर्थात् ती कल्पना प्रत्यक्ष हुकुमात उतरविण्यात जनरल स्टाफचा प्रमुख हाल्डर याचा वाटा आत्मवृत्तात दिसतो त्याहून मोठा होता, एवढी दुरुस्ती करावी लागते. या प्रसंगी आत्मवृत्त हे विश्वसनीय साधन ठरते.

दुसरा प्रसंग स्टालिनग्राडचा. नोव्हेंबर १९४२ मध्ये पाउलुसची सहावी सेना वेढली गेली व तिच्या सुटकेची कामगिरी मानस्टाइनवर आली. आत्मवृत्तात या प्रकरणास मोठी जागा दिलेली असून त्याचा एकंदर रोख असा की, हिटलरचा हट्ट व पाउलुसची अनिश्चित वृत्ती यांमुळे सेना बुडाली. १२ डिसेंबर १९४२ रोजी सुरू झालेली सुटकेची मोहीम वेढ्यापासून सुमारे ४८ किलोमीटरपर्यंत जाऊन थांबली, हे खरे. १९ डिसेंबरला मानस्टाइनने सहाव्या सेनेस बाहेर पडण्याची तयारी करण्याविषयी हुकूम धाडला, हेही खरे. तथापि त्या हुकुमाचा मजकूर नीट वाचला म्हणजे असे दिसते की, स्टालिनग्राड सोडून सर्व सेनेने बाहेर पडण्याचा टप्पा स्वतंत्र स्पष्ट आज्ञा येईपर्यंत सुरू करावयाचा नव्हता. आणि ती आज्ञा, म्हणजे 'डोनरश्लाग' हा सांकेतिक शब्द, मानस्टाइनच्या मुख्यालयातून कधीच गेली नाही.

याहून महत्त्वाचा कागद २४ नोव्हेंबर १९४२ चा आहे. मानफ्रेड केरिख यांनी १९७४ मध्ये स्टालिनग्राडवरील आपल्या ग्रंथाबरोबर मूळ कागद प्रसिद्ध केले, त्यांत मानस्टाइनने त्या दिवशी वरिष्ठांस कळविलेला अभिप्राय आहे. शेजारच्या सैन्यसमूहाचा अधिपती वाइक्स हा सेनेने तत्काळ बाहेर पडावे या मताचा होता. मानस्टाइनने मात्र, बाहेर पडणे अद्यापि शक्य आहे व थांबण्यात मोठा धोका आहे हे मान्य करूनही, पुरेसा पुरवठा होण्याची आशा आहे तोवर सुटकेच्या फौजेची वाट पाहावी, असे मत दिले. तात्काळ निर्णय घेण्याची जी घटका होती, त्या घटकेस मानस्टाइनचे वजन हिटलरच्या पारड्यात पडले. पुरवठा अपुरा ठरला तेव्हा त्याचे मत बदलले, हे त्याला दोष देण्याजोगे नाही. सेनापतीस अपुऱ्या माहितीवर निर्णय करावा लागतो. परंतु आत्मवृत्ताच्या वाचकाच्या मनावर हिटलर व त्याचा सेनापती यांच्यात प्रारंभापासून मतभेद असल्याचा जो ठसा उमटतो, तो या कागदामुळे पुसट होतो. येथे आत्मवृत्त खोटे नाही. त्यातील प्रकाश कोठे पाडावयाचा हे मात्र ग्रंथकाराने आपल्या सोयीने ठरविले आहे.

५

तिसरा प्रसंग क्रिमियाचा. याच ठिकाणी साधनांच्या परीक्षेला नैतिक गांभीर्य प्राप्त होते, म्हणून येथे काहीसे थांबणे अवश्य आहे.

आत्मवृत्तातील क्रिमियाचे प्रकरण वाचताना पेरेकोपच्या चिंचोळ्या भूमीवरील झुंज, केर्चचा द्वीपकल्पीय संग्राम, सेवास्तोपोलच्या किल्ल्यांवरील तोफांचा मारा, तातारांच्या बागा, समुद्रकिनारा यांचे सुरेख वर्णन मिळते. त्या भूमीवर १९४१-४२ मध्ये ज्यू लोकसंख्येची जी कत्तल झाली, तिचा उल्लेख मिळत नाही. ती कत्तल 'आइनझाट्सग्रुप्पे डी' या पोलिसी पथकाने केली. त्याचा प्रमुख ओटो ओलेनडॉर्फ याने ३ जानेवारी १९४६ रोजी न्युरेंबर्ग येथे साक्ष देताना, आपण प्रमुख असतानाच्या वर्षभरात पथकाने सुमारे ९०,००० माणसे मारली, असे शांतपणे सांगितले. हे पथक अकराव्या सेनेच्या मुलुखात काम करीत होते.

या दोहोंचा संबंध काय होता? वसंत ऋतूत, २८ एप्रिल १९४१ रोजी, सेनेच्या वरिष्ठ कार्यालयाने पोलिसी खात्याशी झालेल्या समझोत्यानुसार नियम काढले होते. त्यांप्रमाणे ही पथके आपले 'काम' पोलिसी खात्याच्या आज्ञेने करीत. कूच, मुक्काम व रसद या बाबतीत मात्र ती सेनेच्या अधीन असत. संशोधकाच्या दृष्टीने या नियमाचे महत्त्व फार आहे. जे पथक सेनेच्या कोठारातून पेट्रोल घेते, त्याच्या हालचाली सेनेच्या कागदांत उमटल्याशिवाय राहत नाहीत. म्हणूनच 'एक-ए'च्या दैनंदिनीत ज्याचा मागमूस नाही, ते 'एक-सी'च्या व पुरवठ्याच्या दप्तरात सापडते. डिसेंबर १९४१ मध्ये सिम्फेरोपोल येथे दहा हजारांहून अधिक ज्यू काही दिवसांत गोळ्या घालून मारण्यात आले. सेनेचे पुरवठा कार्यालय त्याच शहरात होते व मानस्टाइनचे संचालन मुख्यालय शहराजवळील साराबुस येथे. या कामासाठी सेनेकडून मालमोटारी, पेट्रोल व लष्करी पोलीस मिळाले होते. आंद्रेय आंग्रिक यांनी २००३ मध्ये या पथकाविषयीच्या आपल्या सविस्तर ग्रंथात हा संबंध उलगडून दाखविला आहे.

मानस्टाइनच्या सहीचा कत्तलीचा स्पष्ट हुकूम उपलब्ध नाही, ही गोष्ट त्याच्या वकिलांनी पुन्हा पुन्हा मांडली व ती मांडण्याचा त्यांना अधिकार होता. परंतु त्याच्या सहीचा एक दुसरा कागद उपलब्ध आहे. त्याची तारीख २० नोव्हेंबर १९४१, म्हणजे सिम्फेरोपोलच्या हत्याकांडापूर्वी सुमारे तीन आठवडे. हे आज्ञापत्र अकराव्या सेनेच्या 'एक-सी' शाखेचे असून, सहाव्या सेनेचा अधिपती राइखेनाउ याने १० ऑक्टोबर रोजी काढलेल्या कुप्रसिद्ध हुकुमाच्या नमुन्यावर ते बेतलेले आहे. ज्यू व बोल्शेव्हिक ही एकच व्यवस्था असून ती कायमची समूळ नष्ट केली पाहिजे, आणि ज्यूंना द्यावयाच्या कठोर शिक्षेची आवश्यकता सैनिकाने समजून घेतली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. याच कागदाच्या उत्तरार्धात बिगर-बोल्शेव्हिक रहिवाशांना न्यायाने वागवावे, सैनिकांनी लूटमार करू नये, अशाही सूचना आहेत. मानस्टाइनचे समर्थक उत्तरार्ध पुढे करतात, टीकाकार पूर्वार्ध. संशोधकाने दोन्ही भाग वाचले पाहिजेत, व उत्तरार्धातील संरक्षण कोणाला लागू नव्हते हे पूर्वार्धावरूनच ठरते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

ऑगस्ट १९४६ मध्ये मानस्टाइन न्युरेंबर्ग येथे जनरल स्टाफच्या बचावासाठी साक्षीदार म्हणून उभा होता. उलटतपासणीत अमेरिकन वकील टेल्फर्ड टेलर यांनी हे आज्ञापत्र त्याच्यापुढे ठेवले. त्याने सही आपली असल्याचे मान्य केले. तथापि असा हुकूम आपण काढला होता, हे आपल्या स्मरणातून पार गेले होते, असे उत्तर दिले. ते उत्तर खरे की खोटे, याचा निर्णय कोणत्याही दप्तरखान्यात होणार नाही. परंतु १९४६ नंतर तरी विस्मरणाचा प्रश्न उरत नाही. नऊ वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या 'गमावलेले विजय' या ग्रंथात त्या आज्ञापत्राचा निर्देश नाही. न्यायालयात दाखविला गेलेला, छापला गेलेला, स्वतः कबूल केलेला कागद आत्मवृत्तातून वगळला जातो, तेव्हा त्या वगळण्यालाच पुराव्याची किंमत येते.

हाच प्रकार राजकीय कमिसारांना पकडताच ठार मारण्याच्या जून १९४१ च्या हुकुमाचा. आपण तो पाळला नाही व वरिष्ठांना तसे कळविले, असे आत्मवृत्तात म्हटले आहे. फेलिक्स रोमर यांनी २००८ मध्ये पूर्व आघाडीवरील सेनादलांचे कागद पद्धतशीर तपासून या हुकुमाच्या अंमलबजावणीचा ग्रंथ लिहिला. मानस्टाइनच्या आधिपत्याखालील दलांतूनही कमिसार मारल्याचे अहवाल वर गेलेले आहेत. ते अहवाल 'एक-सी' शाखेचे. म्हणजे पुन्हा तोच दुसरा गठ्ठा.

६

येथे असा प्रश्न उपस्थित होतो की, कागद उपलब्ध असताना आत्मवृत्ताचेच चित्र इतकी वर्षे का टिकले? याचे उत्तर युद्धोत्तर राजकारणात आहे. १९ नोव्हेंबर १९४५ रोजी ब्राउखिच, हाल्डर, मानस्टाइन, वारलिमोंट व वेस्टफाल या पाच सेनापतींनी न्युरेंबर्ग येथे एक निवेदन तयार केले. सेना राजकारणापासून अलिप्त होती, युद्धाच्या योजना हिटलरने लादल्या आणि अत्याचार इतरांनी केले, हे त्याचे सूत्र. ही पुढील आत्मवृत्तांची जणू संहिताच होय. न्यायालयाने १९४६ च्या निकालात जनरल स्टाफला गुन्हेगारी संघटना ठरविले नाही. पण ते असा निश्चित गट या संज्ञेस पात्र नाही म्हणून. सेनापतींच्या वर्तनाविषयी त्याच निकालात अत्यंत कडक शब्द आहेत. लोकांच्या स्मरणात निर्दोषत्व राहिले, कडक शब्द राहिले नाहीत.

शीतयुद्ध सुरू झाल्यावर रशियाशी लढलेल्या सेनापतींचा अनुभव पाश्चात्त्य राष्ट्रांना मोलाचा वाटू लागला. अमेरिकन सेनेच्या इतिहास विभागाने हाल्डरच्या देखरेखीखाली शेकडो जर्मन अधिकाऱ्यांकडून युद्धवृत्ते लिहवून घेतली. इंग्लंडमध्ये लष्करी लेखक लिडेल हार्ट यांनी कैदेतील सेनापतींच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. ऑगस्ट ते डिसेंबर १९४९ या काळात मानस्टाइनवर खटला चालला, तेव्हा त्याच्या बचावासाठी इंग्लंडमध्ये वर्गणी जमली व चर्चिल यांनी स्वतः त्यात २५ पौंड दिले. बचावाचे वकील रेजिनाल्ड पॅजेट हे मजूर पक्षाचे संसदसदस्य. सतरा आरोपांपैकी नऊ बाबतींत, त्यांतील बऱ्याच मर्यादित स्वरूपात, तो दोषी ठरला. अठरा वर्षांची शिक्षा झाली, ती लवकरच बारा वर्षांवर आली आणि प्रत्यक्षात तो १९५३ मध्ये मुक्त झाला. पॅजेट यांनी १९५१ मध्ये या खटल्याविषयी पुस्तक लिहिले. त्यात सिम्फेरोपोलच्या हत्यांची संख्या फार तर तीनशे असावी, असा तर्क केला आहे. वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाबाहेर पडून इतिहासग्रंथ झाला म्हणजे काय होते, याचा हा धडा आहे. मग १९५५ मध्ये आत्मवृत्त आले व १९५८ च्या इंग्रजी आवृत्तीस लिडेल हार्ट यांची प्रस्तावना लाभली. निवेदन, मुलाखती, बचावाचे भाषण, आत्मवृत्त व प्रस्तावना ही पाच साधने वाचकास पाच स्वतंत्र साक्षी वाटतात. त्यांची वंशावळ काढली तर ती एकाच कुळातील ठरतात.

हा वेढा जर्मन संशोधकांनीच फोडला. मानफ्रेड मेसरश्मिट यांचा सेना व नाझी राज्य यांवरील ग्रंथ १९६९ मध्ये, क्रिस्टियान श्ट्राइट यांचा सोव्हिएत युद्धकैद्यांवरील ग्रंथ १९७८ मध्ये व हेल्मुट क्राउसनिक आणि हान्स-हाइनरिख विल्हेल्म यांचा आइनझाट्सग्रुप्पेंवरील ग्रंथ १९८१ मध्ये निघाला. ऑलिव्हर फॉन व्रोखेम यांनी २००६ मध्ये खुद्द मानस्टाइनचे युद्धातील वर्तन आणि युद्धानंतर त्याची घडविली गेलेली प्रतिमा या दोहोंचा एकत्र अभ्यास केला. २०१० मध्ये ब्रिटिश सेनाधिकारी मंगो मेल्विन यांनी कुटुंबाकडील दैनंदिनी व पत्रे वापरून मोठे चरित्र लिहिले.

७

परीक्षेचा नियम एकाच बाजूस लावला तर तो नियम राहत नाही. म्हणून मानस्टाइनच्या बाजूने पडणाऱ्या व त्याच्या विरुद्ध सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचीही तीच तपासणी केली पाहिजे. २१ एप्रिल १९३४ रोजी, ज्यू वंशाच्या सैनिकांना सेनेतून काढण्याचा 'आर्यन' नियम मागील तारखेपासून लावण्यास विरोध करणारे पत्र त्याने बेक यास लिहिले. त्या काळी असे लिहिण्यास धैर्य लागे व ते त्याच्या पदरात घातले पाहिजे. त्याच पत्रात नव्या राज्याच्या वंशविषयक तत्त्वास त्याने मान्यताही दिली आहे. त्याचा आक्षेप होता तो सैनिकाच्या सन्मानास लागणाऱ्या धक्क्याबद्दल. पत्राचा पहिला भाग मित्र उद्धृत करतात, दुसरा शत्रू; पण पत्र एकच आहे. १९४१ चे आज्ञापत्र लिहिणारा माणूस १९३४ च्या पत्रात अगदीच अनोळखी वाटत नाही, हे ते समग्र वाचल्यावर कळते.

उलटपक्षी, हिटलरविरुद्धच्या कटात सामील होण्यास मानस्टाइनने १९४३ मध्ये नकार दिला, त्या प्रसंगीचे त्याचे एक बाणेदार वाक्य सर्वत्र सांगितले जाते. ते आपल्याला मिळते गेर्सडॉर्फ याच्या १९७७ मधील आठवणींतून, म्हणजे चौतीस वर्षांनंतर. भेट झाली व मानस्टाइन कटात आला नाही, हे सिद्ध आहे. शब्द मात्र स्मृतीतले आहेत. मानस्टाइनच्या आत्मवृत्ताकडे ज्या संशयाने पाहावयाचे, त्याच संशयाने त्याच्या विरोधकाच्या आठवणींकडेही पाहावयास हवे. ओलेनडॉर्फची साक्षही आरोपीची साक्ष आहे. ती ग्राह्य ठरते ती समकालीन कागदांशी जुळते म्हणून.

८

आत्मवृत्ताच्या अर्पणपत्रिकेत मानस्टाइनने आपल्या मृत पुत्राचे, गेरोचे, नाव घातले आहे. हा मुलगा १९४२ मध्ये पूर्व आघाडीवर पडला. त्याच्याविषयी पित्याने लिहिलेली पाने हृद्य आहेत व त्यांतील दुःखाच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सिम्फेरोपोलबाहेर खंदकाच्या काठावर उभ्या केलेल्या बापांविषयी व मुलांविषयी त्या पुस्तकात पान नाही. चरित्रकाराने पहिल्या दुःखाचा उपहास करू नये. परंतु दुसऱ्याची नोंद पुस्तकात नाही म्हणून ते घडलेच नाही, असे समजून पुढे जाण्याचाही त्यास अधिकार नाही.

विद्यार्थ्यांसाठी या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. मानस्टाइनचे आत्मवृत्त युद्धयोजनेच्या बाबतीत पुष्कळ अंशी विश्वसनीय आहे, स्टालिनग्राडच्या बाबतीत पक्षपाती आहे आणि व्यापलेल्या प्रदेशाच्या कारभाराबाबत जवळजवळ मूक आहे. पहिल्या क्षेत्रात मिळविलेली पत त्याने तिसऱ्या क्षेत्रातील मौनाला तारण म्हणून ठेवली आणि दोन पिढ्यांतील वाचकांनी ते तारण न तपासता स्वीकारले. म्हणून कोणत्याही सेनापतीचे आत्मवृत्त हाती घेताना त्याने काय सांगितले याची यादी करावी व तिच्या शेजारी त्याच्या अधिकारातील शाखांची यादी ठेवावी. ज्या शाखेचे काम पुस्तकात उमटलेले नाही, तिचे दप्तर प्रथम मागवावे. मानस्टाइनच्या बाबतीत ते दप्तर 'एक-सी'चे होते. दुसऱ्या सेनापतीच्या बाबतीत ते दुसऱ्या एखाद्या शाखेचे असेल. पण ते कोठेतरी असते, आणि ते मागविणारा वाचक येईपर्यंत ते गठ्ठ्यात बांधलेले पडून राहते.